दोघांचं वजन

"वजन किती तुमचं, काका?" दुकानवाल्या बाईनं विचारलं तेव्हा त्याचा तळहात निळ्या तीन चाकी सायकलगाडीच्या सीटवर होता. चटका बसावा तसा त्यानं तो उचलला. खरं म्हणजे प्रश्नात काही नव्हतं. चप्पल घ्यायला गेलं की पायाचा नंबर विचारतात, तितक्याच सहज तिनं तो विचारला होता. कानामागे पेन खोचलेलं, हातात जाडसर वही, नजर गाडीच्या मागच्या चाकावर. पण दुकानाचं छत उंच होतं, पत्र्याचं होतं, आणि तिचा आवाज वर जाऊन आपटून पुन्हा खाली आला असं त्याला वाटलं. पलीकडे एक तरुण जोडपं हेल्मेटं घालून बघत होतं. त्यांनी मान वळवली की नाही हे त्यानं पाहिलं नाही. वळवली असणार असं धरूनच तो चालला. "एकशे दहा," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा निघाला. मग शेजारी ताई उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं. ताईनं एका हातानं गाडीचं हँडल धरलं होतं, दुसरा हात कंबरेवर, कायम असायचा तसा. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. गाडीच्या घंटीवर अंगठा ठेवला आणि एकदा ट्रिंग केलं, बस्स.

"आणि मागे ह्या बसणार?" बाईनं वहीत लिहीत विचारलं. "मावशी, तुमचं?"

"मावशी कशी? हा काका तर मी आत्या," ताई म्हणाली. "काका नि मावशी म्हटलंस तर लोकांना वाटेल नवराबायको आलेत. त्रेचाळीस. आणि मी मागे बसणार हे मला आत्ता कळतंय."

बाई हसली. "म्हणजे एकशे त्रेपन्न. हिची मर्यादा एकशे साठ. बसतं की."

बसतं. त्या शब्दानं त्याला बरं वाटलं. आपण खोटं बोललो असंही त्याला क्षणभर वाटलं नाही, कारण एकशे दहा हा आकडा त्यानं हवेतून काढला नव्हता. एके काळी तो खरा होता. ग्रंथालयाच्या बाइंडिंग खात्यात सगळ्यांची तपासणी झाली होती त्या वर्षी डॉक्टरनं काटा वाचून मोठ्यानं म्हटलं होतं, "एकशे दहा!" आणि खात्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा त्याचं लग्न नुकतंच झालेलं होतं. तळघरातली ती लांब खोली, वर छताजवळ रस्त्याच्या पातळीला असलेल्या चार खिडक्या, त्यांतून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. खात्यातले सगळे पायांवरूनच लोक ओळखायचे. सरसाचा वास केसांत बसलेला, नखांत सुकलेला, रविवारीसुद्धा न जाणारा. आणि खोलीच्या टोकाला ते मोठं दाबयंत्र, वर लोखंडी चाक असलेलं, ज्याच्यात शिवलेली पुस्तकं एकावर एक ठेवून पिळायची. बाकीचे दोघं मिळून चाक फिरवायचे तिथं तो एकटा पुरायचा. शेवटचा अर्धा फेरा, जो कुणाला जमायचा नाही, तो त्याच्यासाठी राखून ठेवलेला असायचा. "पेपरवेट!" अशी हाक यायची. तो हातातलं काम ठेवून, हात पुसत, मुद्दाम सावकाश चालत जायचा, चाकाला दोन्ही हातांनी धरून स्वतःला नुसता सोडून द्यायचा, आणि लोखंड कुरकुरत बसायचं. पुस्तकं बसायची. त्या वेळी आपलं अंग म्हणजे आपलंच एक चांगलं हत्यार आहे असं त्याला वाटायचं. मुख्य बाइंडर म्हणायचे, "हा रजेवर गेला की वर सगळे शब्दकोश उघडेच पडतात."

ते कधी बदललं ते सांगता आलं नसतं. एकशे दहाचे एकशे अडतीस एका दिवसात होत नाहीत. बायको होती तोवर ती शर्टाची बटणं दर वर्षी अर्धं बोट पुढे सरकवायची आणि त्याबद्दल कधी काही बोलायची नाही. ती गेली आणि बटणं तुटायला लागली. निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले, आधी जिन्यात, मग सपाटीवर. मागच्या वर्षी बाजारातून येताना दोन चाकी सायकलवरून तो पडला. वेगात नव्हे, थांबताना पाय टेकवला आणि पायानं आधार दिलाच नाही. तो आडवा झाला, हळूहळू, एखादं कपाट कलावं तसा. तीन माणसं उचलायला आली आणि त्यांतला एक जण चौथ्याला हाक मारायला गेला. लागलं फारसं नाही. पण तो चौथा माणूस येईपर्यंत रस्त्यावर पडून राहिलेली ती दोन मिनिटं त्याच्या मनात कुठेतरी अजून संपली नव्हती.

ताई राहायला आली ती बायको गेल्यावर सहा महिन्यांनी. दोन ट्रंका आणि पाठीला लावायची एक उशी घेऊन. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. तिची कंबर तर कैक वर्षांपासून दुखत होती. पण थंडीपासून तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. टॅक्सीत वाकून बसणं तिला जमेना, आणि चालणं कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत. खिडकीत बसून ती दिवसभर रस्ता बघायची. संध्याकाळी त्याला सांगायची, आज समोरच्यांकडे नवा गालिचा आला, आज पोस्टमनची बदली झालेली दिसते. कुरकुर नव्हती त्यात. आणि नव्हती म्हणूनच त्याला ते ऐकवायचं नाही. तीन चाकी गाडीचं त्यानं वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मनात पहिल्यांदा आली ती ताई, मागे बसलेली. पण ते तिला सांगितलं असतं तर ती हटकून नाही म्हणाली असती. म्हणून तो म्हणाला, "मला एक गाडी घ्यायचीय. निवडायला चल." आणि टॅक्सीत दात आवळून बसून ती आली होती.

दुकानाच्या मागच्या बाजूला फरसबंदी आवार होतं. बाईनं निळी गाडी तिथे आणून लावली. "आधी तुम्ही एकटेच फिरा. वळताना सांभाळा हं. दोन चाकीला गाडी तुमच्याबरोबर कलते, ही कलत नाही. ही सरळच राहणार, तुम्हीच आत झुकायचं. सायकल येणाऱ्यांनाच ते जड जातं." तो बसला. सीट मऊ होती, पाठीला टेकू होता, आणि पाय न टेकवताही आपण उभे आहोत ही गोष्ट इतकी सुखाची होती की त्याला हसू आलं. त्यानं डाव्या हाताखालचं मोटरचं बटण दाबलं. गाडी निघाली. आवाज जवळजवळ नाहीच, रबर फरशीवरून जातानाची नुसती सरसर. चेहऱ्यावर वारा आला. किती दिवसांनी आला! चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असा वारा मिळत नाही, तो वेगळाच असतो, स्वतःच्या वेगानं काढलेला. तो वारा लागताच चाळीस वर्षं गळून पडली. ग्रंथालयाच्या उताराला तो सायकलवर पाय पसरून जायचा, कोटाची टोकं मागे फडफडत, आणि जिन्याखालच्या फळविक्रेत्या बाई ओरडायच्या, "ब्रेक आहे का रे त्याला?" आवाराच्या टोकाला त्यानं हँडल वळवलं, आणि अंगातल्या जुन्या सवयीनं तो गाडी कलायची वाट बघत राहिला. गाडी कलली नाही. उलट बाहेरच्या बाजूला काहीतरी ओढलं गेलं, आतलं मागचं चाक फरशी सोडून वर आलं, हातभर नव्हे, चार बोटंच. त्यानं ब्रेक दाबला. चाक धप्पकन खाली बसलं. रिम फरशीला घासल्याचा आवाज झाला.

तो तसाच बसून राहिला. आपण पडलो असतो हे त्याच्या मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की मागच्या बाकावर ताई असती. त्रेचाळीस किलोची ताई, कंबरेवर हात ठेवून. आणि आपण एकशे दहा म्हणालो होतो. कुणासाठी म्हणालो? त्या हेल्मेटवाल्या जोडप्यासाठी, जे एव्हाना निघूनही गेलं असेल.

आणि तेवढ्यात त्यानं बघितलं, तर ताई खरोखरच फरशीवरून त्याच्याकडे येत होती, लहान लहान पावलं टाकत, आणि येऊन तिनं मागच्या बाकाची दांडी धरली. "सरक जरा, मला पाय कुठे ठेवायचा दाखव."

"नको."

"नको काय? एवढं आणलंस ना मला?"

"नको, ताई. थांब. ही गाडी नको." पुढचं वाक्य तयार होतं, फक्त तीन शब्दांचं, आणि ते येईना. ताई दांडी धरून उभी होती. तिला बहुतेक सगळं माहीत होतं. जन्माच्या वेळचं त्याचं वजन माहीत असलेलं या जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. साडेनऊ पौंड, दाईला घाम फुटला होता, हे ती कुणालाही सांगायची.

बाई जवळ आली, गाडीच्या मागे उकिडवी बसली, टायरवरून अंगठा फिरवला. टायर खाली पसरला होता. एकशे दहा किलोला पसरला नसता, इतका. मग उठून, हात झटकत, अगदी दुसरंच काही आठवल्यासारखं म्हणाली, "आमचा तो वहीतला हिशेब काही खरा नाही. लोक घरच्या काट्यावर बघून येतात, आणि घरचे काटे सगळे खोटारडे. मागे गोदामात मालाचा काटा आहे, खोकी तोलायचा. तुम्ही दोघं एकदमच त्याच्यावर उभे राहा. मला बेरीज लागते फक्त. कुणाचं किती, ते मला काय करायचंय?"

गोदामात अंधार होता आणि रबराचा दाट वास. काटा जमिनीतच बसवलेला, लोखंडी पत्र्याचा, दोन माणसं आरामात मावतील एवढा. तो आधी चढला. मग त्यानं हात पुढे केला आणि ताई चढली. पत्रा किंचित खाली गेला. जवळजवळ उभं राहावं लागलं. तिच्या केसांना तेलाचा नि औषधाचा वास येत होता, आणि तिचं डोकं त्याच्या दंडाला लागत होतं. किती वर्षांत आपण एकमेकांच्या इतके जवळ उभे राहिलो नाही, त्याला वाटलं. बाईनं भिंतीवरच्या तबकडीकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"एकशे ब्याऐंशी," बाई म्हणाली, आणि लिहून घेतलं.

"वजाबाकी मलाही येते हं," ताई हळूच म्हणाली. फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच. आणि त्याचा दंड तिनं सोडला नाही.

आपल्याला उचलून धरलं आहे असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि ते वाटणं इतकं जुनं होतं की त्याला ते नक्की कुठलं हे शोधावं लागलं नाही. तो सात वर्षांचा होता. धक्क्यावर होड्या बघायला गेला असताना त्याच्या टाचेत काच घुसली, अर्धं बोट आत. ताई चौदा वर्षांची. तिनं रुमाल बांधला, पाठ केली आणि म्हणाली, चढ. दवाखाना पुलापलीकडे. तेव्हाही तो वर्गातला सगळ्यांत जाड मुलगा होता, आणि ती काडीसारखी. पुलावर दर दिव्याच्या खांबापाशी ती थांबायची, त्याला कठड्यावर टेकवायची आणि म्हणायची, "ती बघ, पिवळी बोट." पुढच्या खांबापाशी, "तो बघ, पाण्यातला खांब, त्याच्यावर आकडे आहेत, वाच बरं." त्यानं वाचले. खांब मोजले, होड्या मोजल्या. तिचा श्वास त्याच्या गुडघ्यांना आतून ढकलायचा, भात्यासारखा. ती दमलीय म्हणून थांबते हे त्याला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. आणि कळलं ते आईमुळे. आई पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणायची, "ह्याला वाहून वाहून पोरीची कंबर गेली." पाहुणे हसायचे. ताईही हसायची. तो बशीतलं बिस्किट खाली ठेवायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलून खायचा. ते वाक्य आई नंतर पंचवीस वर्षं म्हणत राहिली, आणि ताई खुर्चीतून उठताना ओठ आवळायची तेव्हा तेव्हा ते त्याच्या कानात आपोआप वाजायचं. तपासणीच्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हाही वाजलं होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बाईनं त्यांना गोदामाच्याच दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे एक करडी गाडी उभी होती, बुटकी, रुंद, जाड आऱ्यांची, बघितल्यावर कुणालाही आवडणार नाही अशी. मागे बाकाऐवजी लाकडी फळ्यांचा हौदा. "ही माणसांसाठी म्हणून विकत नाही मी," बाई म्हणाली. "पाववाले नेतात. अडीचशे किलो. मोटर मागच्या आसाला आहे, चढाला कुरकुरत नाही. सीट खाली आहे म्हणून वळताना उचलणार नाही. वेग मात्र विसरा. हौद्यात एक बाक बसवून देते, पाठीला पाठ लागेल असा, पट्टाही लावते. फक्त आत्याबाईंचं तोंड मागे होईल."

"म्हणजे मी पाव," ताई म्हणाली.

"भाजलेला," तो म्हणाला. तिघंही हसले.

बाक बसवायला तासभर गेला. तेवढा वेळ ते दोघं खोक्यांवर बसून चहा प्याले. बाईनं ताईच्या पाठीला गोणपाटाची घडी दिली. मग ती म्हणाली, "पुलापर्यंत जाऊन या. चढ तिथेच आहे. चढाला आवडली तर घ्या, नाही तर इथे आणून सोडा."

रस्त्यावर आल्यावर पहिली दोन वळणं त्यानं श्वास रोखून घेतली. गाडी हलली नाही. ती म्हशीसारखी संथ आणि ठाम चालली होती, आणि तिच्या मागच्या फळीतून ताईची पाठ त्याच्या पाठीला लागत होती. हाडं लागत होती. दुकानं मागे पडली, छापखान्याची लांब भिंत आली, शाळेचं मैदान आलं. ताईला हे सगळं निघून गेल्यावर दिसत होतं. "अगंबाई, तो घड्याळवाला अजून आहे," ती म्हणायची, आणि त्यानं घड्याळवाल्याला कधीच ओलांडलेलं असायचं. पुलाचा चढ सुरू झाला. मोटरचा आवाज जरा खोल गेला, पण वेग तोच राहिला. त्याला पाय मारावे लागले नाहीत तरी त्यानं मारले. समोर फक्त रस्ता होता आणि आकाश. तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याचा तिला. त्यानं विचारलं, "ताई, तुझी कंबर माझ्यामुळे गेली का?"

"काय?"

"कंबर. माझ्यामुळे गेली का?"

"मोठ्यानं बोल. वारा आहे."

त्यानं भर पुलावर, कुणीही ऐकेल इतक्या मोठ्यानं ओरडून विचारलं. पाठीला लागलेली पाठ ताठ झाली. तो पुढे बघत राहिला आणि आता आपण हे विचारायला नको होतं असं त्याला वाटायला लागलं.

"आई म्हणायची त्यामुळे?" शेवटी ती म्हणाली. "तू ते खरं धरून बसलास? एवढी वर्षं?"

"तू हसायचीस."

"मग काय करू? पाहुण्यांसमोर भांडू? अरे, माझी कंबर गेली स्टुलानं. बिनपाठीचं उंच स्टूल. एकतीस वर्षं. बोर्डाची वरची रांग माझ्या हाताला यायची नाही, मी बुटकी, मग दर कॉलला कंबरेतून उचलून वायर खोचायची. दिवसाला किती शे वेळा, तूच धर. आईला ती नोकरीच नको होती. नोकरीनं कंबर गेली असं म्हटलं तर मी म्हणेन, मग लग्न करायला हवं होतं का? त्यापेक्षा तुझं नाव सोपं."

चाळीसहून अधिक वर्षं जी गोष्ट त्यानं आत सांभाळून ठेवली होती, ती त्याची नव्हतीच. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते काहीसं रिकामं, खिशातलं नेहमीचं पाकीट नाही असं लक्षात आल्यावर हात थबकतो तसं. थोडा रागही आला, पण कुणाचा ते कळेना. आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

"आणि ऐक," ताई म्हणाली. आता ती नुसती बोलत नव्हती, तिला काहीतरी आठवत होतं. आवाज मागे मागे जात होता. "तू दीड वर्षाचा असशील. मला एकटीला कोण बाहेर सोडणार? पण बाळाला फिरवून आणते म्हटलं की सोडायचे. मी तुला कडेवर घ्यायची आणि थेट एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत जायची. तिथे खिडकी खाली होती. आत बायका बसलेल्या, कानाला ते लावलेलं, हात असे भराभर चाललेले, आणि सगळ्या एकदम बोलतायत, तरी गोंधळ नाही. मी तासन्‌तास बघायची. एकटी उभी राहिले असते तर हाकलली असती. पण तू गुबगुबीत, तू कुणालाही हसायचास. त्यांनी तुला बघूनच आम्हाला आत बोलावलं. सुपरवायझरबाई तुला मांडीवर घ्यायच्या आणि मी बोर्ड बघायची. मोठी झाले तेव्हा अर्ज घेऊन गेले, तर त्यांनी मला नावानं ओळखलंच नाही. 'तो जाडू कसा आहे?' म्हणाल्या, आणि अर्ज ठेवून घेतला."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"आणि जड नव्हतो मी?"

"होतास की! हात भरून यायचे. मग दुसऱ्या कडेवर घ्यायची."

ती हसली. तिच्या हसण्यानं फळी हलत होती आणि ते हलणं त्याच्या पाठीत येत होतं. पुलाचा माथा कधी मागे गेला ते त्याला कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानं असेल म्हणून त्यानं ते पुसलं नाही. त्याच्या मनात ती खिडकी उभी राहिली, जी त्याला आठवत नव्हती, आठवणं शक्यच नव्हतं. तरी ती दिसत होती. काचेवर ठेवलेला स्वतःचा लहान तळहात, आतल्या बायकांची वळलेली तोंडं. आपण तिथे होतो. आपलं वजन त्या एका पोरीच्या डाव्या कडेवरून उजव्या कडेवर जात होतं, आणि ती काचेतून आत बघत होती.

दुकानाशी परत आल्यावर बाई दारातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आत तो म्हणाला, "घेतो ही. आणि तुमच्या वहीत माझ्यापुढे एकशे दहा लिहिलंय, ते खोडा. एकशे एकोणचाळीस आहे." एक किलो वाढलेलं त्याला काट्यावरच कळलं होतं. बाईनं कानामागचं पेन काढलं आणि खोडलं.

घरी जाईपर्यंत ऊन कललं होतं. रस्त्यांवर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी. लोक बघत होते. एका बसच्या खिडकीतून कुणीतरी ताईला हात केला आणि तिनंही केला, राणीसारखा. त्यांची गल्ली आली. कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी आली. त्यानं वेग कमी केला, घराच्या दारात वळायला हवं होतं तिथे हात हँडलवर तयार होता, आणि मग कसं कोण जाणे, हातानं हँडल वळवलंच नाही. गाडी सरळ निघाली. आता ती ओरडेल, तो मनात म्हणाला. समोर फर्निचरवाल्याचं वर्कशॉप होतं, त्याच्यापुढे कालवा, आणि कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता, ज्यानं तो किती वर्षांत गेला नव्हता.

ताईला तर घर अगदी समोर दिसत असणार. तिची खिडकी, खिडकीतली रिकामी खुर्ची, सगळं तिच्या डोळ्यांसमोर लहान लहान होत जात असणार. तो हाकेची वाट बघत राहिला. वर्कशॉप गेलं. कालव्याचं पाणी उजव्या हाताला आलं. थोड्या वेळानं फळीतून तिची पाठ सैल झाली आणि नीट टेकून बसली.